टेप थांबू नये म्हणून

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही वसुधाताईंना ओळखत नाही, म्हणून.

बडोद्यातल्या एका छोट्या संशोधन संस्थेत मी युनिक्सचा सर्व्हर सांभाळत असे. सगळ्यांचं काम त्यावर, आणि दर शनिवारी त्याचा बॅकअप टेपवर. टेप ड्राइव्ह मोठी मानी असते हो. तिला माहिती अखंड पुरवावी लागते. पुरवठा अडखळला की ती थांबते, थोडी मागे जाते, पुन्हा धावू लागते — आणि दुपारी संपायचं काम अंधार पडेपर्यंत लांबतं. मी हात धुऊन तिच्या मागे लागलो होतो. एका दमात टेपवर जाणाऱ्या तुकड्याचा, म्हणजे ब्लॉकचा, आकार वाढवला. मध्ये बफर ठेवला, म्हणजे माहिती आधी मेमरीत साठावी आणि मग सलग टेपकडे जावी. फरक पडला. पण एका फोल्डरपाशी ती हटकून अडखळायची.

तो फोल्डर ताईंचा. त्या भाषेचं काम करत. फतेगंज, सुभानपुरा, समा — घरोघरी बसून त्यांनी म्हाताऱ्या बायकांचं बोलणं कॅसेटवर रेकॉर्ड केलं होतं, मग सर्व्हरवर उतरवलं होतं. बडोद्याचं मराठी, गुजरातीत मुरलेलं. एकेका शब्दाची वेगळी, इवलीशी फाईल, अशा हजारो. त्या एकेक करून उघडताना ड्राइव्ह उपाशी राहायची. उपाय मला माहीत नव्हता का? होता. सगळ्या फायली आधी डिस्कवर एका मोठ्या फाईलमध्ये बांधायच्या आणि ती टेपवर पाठवायची. त्यासाठी डिस्कवर जागा करावी लागली असती, चार जणांच्या विनवण्या कराव्या लागल्या असत्या. मी आळस केला. कमांडमध्ये एवढंच वाढवलं — हा फोल्डर वगळ. तात्पुरतं, असं मनाशी म्हटलं.

टेप सुरळीत धावू लागली. संचालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मग ते तात्पुरतं कोण काढतंय?

ताईंनी एकदा विचारलं होतं, मूळ कॅसेट पुन्हा वापरल्या तर चालतील का. मी खुशाल वापरा म्हणालो. सगळं टेपवर आहे म्हणालो. त्यांनी वापरल्या. तेव्हा तो फोल्डर वगळलेला होता — ते मला आठवलं नाही, की आठवायचं नव्हतं?

पुढे डिस्क गेली. टेपवरून सगळ्यांचं सगळं परत आलं. ताईंचं नाही. त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि मी सांगितलं, टेपचा नेमका तेवढा भाग खराब निघालाय, प्रयत्न करतो.

हा भ्याडपणा झाला. पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

ताई रोज जेवणानंतर येऊन बसू लागल्या. आणि मी रोज ती टेप लावत राहिलो. ड्राइव्ह घरघरायची, स्क्रीनवर भलत्यांच्याच फायलींची नावं सरकायची. "निरांते कर हं, मला घाई नाही," त्या म्हणायच्या. मध्येच एखाद्या आजींची आठवण काढत — त्या गेल्या, आता कोणाला विचारायचं? मी मान डोलवायचो. कधीकधी खूप वेळा लावल्यावर वाचली जाते, असंही म्हणालो. खरं सांगून एकदाच रडवलं असतं तर? पण त्या मला दुवा देत होत्या, आणि — लाज वाटते सांगायला — ते मला बरं वाटत होतं. शेवटी त्यांनीच राहू दे म्हटलं. वर माझीच समजूत काढली.

संस्थेने जुनं सामान भंगारात काढलं तेव्हा ती टेप मी घरी आणली. कोणाच्या हाती लागू नये, एवढ्यासाठीच.

परवा ताईंचा फोन आला. आता थकल्यात, समाला एकट्याच राहतात. खराब टेप वाचून देणारी माणसं त्यांच्या भाच्याने शोधून काढलीत. "तुझ्याकडे असेल ना रे ती?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. फोनवर माणसाचं तोंडही दिसत नाही. मी आहे म्हणालो.

काल नेऊन दिली. ताईंनी ती पदराने पुसली. "तू होतास म्हणून जपली गेली," म्हणाल्या. रविवारी भाचा ती घेऊन जाणार आहे. ताईंचा एक शब्दही तिच्यावर नाही. मी चहा घेतला आणि घरी आलो.