शांतवनकाका आणि पेटलेला बर्फ

मागच्या नाताळात मी घरात बर्फ पाडला आणि त्या बर्फाला आग लागली.

सोलापुरात बर्फ कुठून आला, असं कोणी विचारील. मी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग बघतो. मागांखाली दिवसभर कापसाची बारीक रुई उडून साठत असते. पांढरी, हलकी आणि फुकट. ख्रिस्तजन्माच्या देखाव्यात डोंगरावर बर्फ दाखवायला याहून चांगली वस्तू नाही असं आमच्या अख्ख्या वस्तीचं मत, त्यामुळे डिसेंबर लागला की लोक माझ्याकडे पिशव्या घेऊन येतात. मागच्या वर्षी मी स्वतःसाठी पोतंभर आणली. चर्चच्या तरुण संघाने देखाव्यांची स्पर्धा ठेवली होती, आणि मला या वयात, ढेरी सुटलेली असताना, त्या पोराटोरांना हरवून ढाल मिळवायची होती.

पण सांगायचं आहे ते शांतवनकाकांबद्दल. ते आमचे शेजारी. भिंत एक, बोळ एक, मीटरची लाकडी पेटीसुद्धा एक. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते, बार्शी-टेंभुर्णीच्या रस्त्यांवर. निवृत्त झाल्यावरही खाकी पँट सोडली नाही आणि दुसऱ्याला हुकूम सोडण्याची सवयही सोडली नाही. त्यांचं नाव ज्याने ठेवलं त्याने बाळाचा चेहरा नीट पाहिला नसावा. शांतवन म्हणजे सांत्वन. ते सोडाच, हा माणूस कुणाच्या घरी बसला की पाण्याचा ग्लाससुद्धा भांडून घ्यायचा.

नाताळ जवळ आला की ते वस्तीतल्या घराघरांत शिरायचे. बोलावणं नाही, दार वाजवणं नाही. आत येऊन आधी प्लगवर पालथा हात ठेवून तो तापला आहे का ते बघायचे. खिडकीतली मेणबत्ती फुंकून टाकायचे. बाहेर टांगलेल्या चांदणीची वायर ओढून बघायचे, आणि तुटली तर ‘तुटणारच हुती’ म्हणून आपल्यालाच झापायचे. एका बाईंनी करंज्या तेलात तळायला सोडल्या होत्या. दारात कुणी आलं म्हणून त्या क्षणभर बाहेर गेल्या, तेवढ्यात काकांनी गॅस बंद केला आणि निघूनही गेले. करंज्या तेल पिऊन मऊ पडल्या. त्या बाईंनी काकांशी बोलणं टाकलं. काकांना ते बरंच वाटलं असावं, कारण नंतर ते त्या बाईंच्या घरी जास्त वेळा जायला लागले.

लोक म्हणायचे, याचं काहीतरी जळलेलं असणार, घर तरी नाहीतर माणूस तरी. मी एकदा सरळ विचारलं. ते म्हणाले, “माजं काय जळलेलं न्हाय. म्हनून तर सांगतुय.”

मला हा माणूस आवडत नव्हता. आता आवडत होता असं म्हटलं तर लोक मला भला माणूस म्हणतील, म्हणून मुद्दाम म्हणत नाही.

तर देखावा. बांबू, गोणपाट, त्यावर कडबा, त्यावर रुई, आणि बर्फाच्या आतून लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा. माळा फुटपाथवरून घेतल्या होत्या. दोन माळांचा जोड मी स्वतः केला आणि भेटवस्तू बांधायच्या पारदर्शक चिकटपट्टीने गुंडाळला. दिसायला सुबक होता. डोंगर एवढा वाढला की बाहेरच्या खोलीच्या दाराचं एक फळकं त्याच्यामागे गेलं. आईची खाट डोंगराच्या पलीकडे, कोपऱ्यात सरकवावी लागली. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, ती वॉकर धरून चालते. उरलेल्या फटीतून वॉकर जात नव्हता. ती स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बोळात निघायची. मला वाटलं, सोय झाली.

काका आले. देखाव्याकडे पाहिलंच नाही. खाटेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

“अविनाशराव, म्हातारीला कोंडलंय व्हय तुमी? दार मोकळं करा.”

मी म्हणालो, “काका, तुमची गाडी डेपोत लागलेली आहे. आता आमच्या गाडीत चढू नका.”

“मी चढलोच हाय. तुमी उतरवून दाकवा की.”

आई पलीकडून म्हणाली, “अव्या, त्यांचं ऐक.” मी तिलाही गप्प बसवलं. परीक्षकांना उभं राहायला जागा लागते, हे या दोघांना कोण समजावणार.

त्या दिवसापासून युद्ध सुरू झालं. काका झोपायला जाताना मीटरच्या पेटीशी थांबायचे आणि आमच्या घराचा मेन स्विच खाली ओढायचे. आमच्याकडे अंधार. मी चडफडत उठून स्विच वर करायचो, बिछान्यात येईपर्यंत पुन्हा अंधार. फ्रीजमधलं दूध नासलं. मोबाइल चार्ज झाला नाही म्हणून गजर वाजला नाही आणि कारखान्यात उशीर झाल्याबद्दल बोलणी खाल्ली. बायको म्हणाली, त्यांच्याशी नीट बोलून घ्या. मी बोललो नाही. मी बाजारात गेलो, चांगलं जाड पितळी कुलूप आणलं आणि मीटरच्या पेटीला ठोकलं. काकांनी ते पाहिलं, हातात घेऊन त्याचं वजन केलं आणि आत गेले. मी जिंकलो असं मी आईला सांगितलं.

चोवीस तारखेला संध्याकाळी सगळी वस्ती चर्चला निघाली. घरं रिकामी सापडतात म्हणून याच दिवसांत चोऱ्या होतात. तेव्हा मी, सुरक्षिततेचा विचार करणाऱ्या गृहस्थाने, मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं. मधेच परीक्षक आले तर देखावा दिसावा म्हणून माळा चालूच ठेवल्या आणि पुढचं दार लोटून घेतलं. आई खाटेवर होती. मागच्या दाराची आणि मीटरच्या पेटीची, दोन्ही किल्ल्या माझ्या नव्या कोटाच्या खिशात होत्या.

काका चोवीस तारखेला चर्चला जात नसत. बोळाच्या तोंडाशी स्टूल टाकून बसत. कुणी नेमलेलं नसताना रिकाम्या वस्तीची राखण करत. पोरं त्यांना जाताजाता सलाम ठोकायची. मीही ठोकला होता.

पुढचं मी पाहिलं नाही, आईकडून ऐकलं. आधी रुईतून धूर आला, मग निळी ज्योत डोंगरावर नुसती पळत सुटली. कडब्याने पेट घेतला. आई वॉकर घेऊन मागच्या दाराशी गेली, दार उघडेना. तिने दार बडवलं, हाका मारल्या. काका बोळात धावले, कुलूप पाहिलं, तसेच पुढे आले. डोंगरामागच्या फळक्यावर त्यांनी अशा लाथा घातल्या की अख्खा डोंगर आत कोसळला. तो जळता डोंगर तुडवत ते आत गेले, आईच्या डोक्यावर तिचीच चादर टाकली आणि तिला लहान पोरासारखं उचलून बाहेर आणलं. मग स्टुलाने मीटरची पेटी फोडली, वीज तोडली आणि पिंपातलं पाणी बादल्या भरभरून आत फेकलं.

कुणाचा तरी फोन आला म्हणून मी धावत आलो तेव्हा आई रस्त्याच्या मधोमध काकांचं स्वेटर घालून खुर्चीत बसली होती. तिला कुठे खरचटलंही नव्हतं. काका उजवा हात बादलीत बुडवून उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत जळलेली. मी “काका” एवढंच म्हणालो. त्यांनी हात बादलीतून काढला आणि तसाच ओला, भाजलेला हात माझ्या मुस्काटात मारला. सगळी वस्ती चर्चमधून आलेली, नवे कपडे घालून बघत होती.

आई म्हणाली, “अजून एक द्या. ती माझ्याकडनं.”

काकांनी दिली.

दुसऱ्या दिवशी नाताळ. बायकोने मला मलम घेऊन पाठवलं. काकांनी दार अर्धंच उघडलं. म्हणाले, “तुमच्या हातचं औशद नगं. तेबी पेटायचं.” आणि लावून घेतलं.

नंतर आम्ही बोललोच नाही. मला चारचौघांत मार खाल्ल्याची लाज आणि त्यांना माझं तोंड बघायची इच्छा नाही. पण ते येत राहिले. मी घरात असलो तरी मी तिथे नाहीच असं धरून प्लगला हात लावायचे, गॅसचा वास घ्यायचे आणि आईशी बोलून जायचे. हाताची कातडी आवळून बोटं नीट मिटत नव्हती. आई त्यांना चहा बशीत ओतून द्यायची. मी पेपर तोंडासमोर धरून बसायचो. ‘काका, चुकलो’ हे दोन शब्द कित्येकदा जिभेवर आले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं की त्यांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की पुन्हा भांडावंसं वाटायचं.

यंदा गणपतीच्या दिवसांत काका झोपेतच गेले. वस्तीने मोठी प्रेतयात्रा काढली. ज्यांच्या करंज्या फसल्या होत्या त्या बाई सगळ्यांत जास्त रडल्या. पाळकसाहेब म्हणाले, मृताबद्दल कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला. मी उठलो. घसा खाकरला. लोक माझ्याकडे असे बघायला लागले की मी पुन्हा बसलो. त्यांना मूठमाती देताना मी ‘काका, चुकलो’ म्हणून टाकलं, पण तेव्हा त्यांनी ऐकून घेण्याची सक्ती संपलेली होती.

आता डिसेंबर लागलाय. या वर्षी देखावा नाही, माळ नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. मी परवा जेवताना जाहीर केलं की चोवीस तारखेला सगळ्यांनी चर्चला जावं, मी स्वतः घरी थांबून आईची काळजी घेईन. मला वाटलं, आईचे डोळे भरून येतील.

ऑपरेशन झाल्यापासून आईने चर्चची पायरी चढलेली नाही. तिने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि सुनेकडे वळून म्हणाली, “हा घरात थांबणार असंल तर माझी रिक्षा आत्ताच सांगून ठेव. मी चर्चला येते.”