लग्ननोंदी वाचणारा कारकून

संस्थान विलीन झाल्यावर आमच्या घराण्याची वंशावळ लिहायला मी कोल्हापूरच्या दप्तरखान्यात जात असे. तिथला कारकून जुन्या लग्ननोंदी साऱ्या कचेरीला ऐकू जातील अशा वाचायचा. जांभई आली तरी वाचन चालूच.

माझ्या दिवंगत वडिलांची नोंद सापडली, तेव्हा मात्र तो गप्प झाला. वही माझ्याकडं फिरवून म्हणाला, "पावणं, हे तुमीच वाचा."

आईचा तो पुनर्विवाह होता. घरात मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मी नक्कल मागितली.

"आई हाईत न्हवं?"

"आहेत."

"मग आदी त्यास्नी इचारा की. कागद कुठं पळून जात न्हाय."

संध्याकाळी विचारलं. आईनं पहिल्या नवऱ्याचं नाव सांगितलं आणि ती म्हणाली, "इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही रे."