उशाखालची सुरी

दुसरीच्या वर्गाला वस्तू शिकवायच्या म्हणजे माझा आवडता धडा. काय बुडतं, काय तरंगतं, चुंबक कोणाला जवळ करतो आणि कोणाला नाही. पुस्तकातल्या चित्रांवर माझा विश्वास नाही, म्हणून पोरांना घरातली एकेक वस्तू आणायला सांगते. श्रीगोंद्याकडच्या आमच्या वस्तीवरच्या शाळेत त्या दिवशी टेबलावर चमचे, बांगड्या, बाटलीची टोपणं, बैलाच्या खुराची नाल असा बाजार भरला. एका मुलीने दप्तरातून फडक्यात गुंडाळलेली सुरी काढली. मी ओरडलेच. मग म्हटलं, आणलीच आहे तर बघू.

नाल चुंबकाला ठक्कन चिकटली. मध्ये कागद धरला, रुमाल धरला, तरी सुटेना. पोरं खूश. सुरी मात्र काही केल्या चिकटेना. स्टेनलेस स्टीलच्या काही वस्तूंना चुंबक ओढत नाही, त्यात नवल नव्हतं. पण पोरांनी गिल्ला केला, "लोखंड न्हाई! लोखंड न्हाई!"

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, ही आमच्या बाळाच्या उशाखाली असती. लोखंड असलं की जवळ काय येत न्हाई."

बाळंतिणीच्या खोलीत लोखंड ठेवायची रीत मला ठाऊक आहे आणि तिचा मला रागही येतो. मी जरा चिडूनच सांगितलं, सुरीत लोखंड असतंच, फक्त ते चुंबकाला ओढता येत नाही.

"चुंबकाला कळंना, मंग त्याला कसं कळंल?"

"कोणाला?"

तिने दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मागल्या बाळाला बी हीच हुती."

मागचं बाळ महिन्याच्या आत गेलं होतं, साऱ्या वस्तीला माहीत होतं.

शाळा सुटल्यावर तिला सुरी देऊन एकटीला धाडायला मन घेईना. बाकीची पोरं केव्हाच पुढे पळाली होती. टेबलावरच राहिलेली नाल आणि चुंबक पर्समध्ये टाकून, सुरी हातात धरून मी तिच्याबरोबर निघाले. दोन्ही बाजूंना ऊस. वारा अजिबात नव्हता, तरी उजव्या हाताला पाचट वाजत होतं आणि आम्ही थांबलो की थांबत होतं. डुक्कर असेल, मी मोठ्यांदा म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. मुलगी भराभर चालत राहिली.

खोलीत ओव्याच्या धुरीचा वास होता. आई भिंतीकडे तोंड करून निजली होती. बाळ इतकं निपचित पडलेलं की मी आधी त्याच्या पोटाकडे पाहिलं. हलत होतं. मुलीने माझ्याकडून नाल घेतली, बाळाच्या उशाशी दुपट्याखाली सरकवली आणि वरून चुंबक लावून पाहिला. ठक्क.

त्या आवाजाने आई उठून बसली.

"पोरं रस्त्यानं वरडत गेली, बाई. सुरी लोखंड न्हाई म्हनून. खरं का वो?"

ती या बाळाबद्दल विचारत नव्हती. मला ते लख्ख कळलं. पोरांना शिकवताना मी खोटं बोलत नाही. पण त्या बाईला स्टीलचा धडा सांगून काय उपयोग होता?

"सुरीत लोखंड आहे," मी म्हणाले.

"मंग दावा की लावून."

मुलीने माझ्या हातातून सुरी घेतली, दुपट्यावर आडवी ठेवली, बरोबर नाल होती त्या जागी, आणि सुरीवर चुंबक ठेवला. ठक्क. ढकलला तरी सरकेना. खालून नाल ओढत होती, ते आम्हा दोघींनाच ठाऊक.

"बघ आई, धरलं का न्हाई?"

आईने त्या चुंबकाकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावून रडायला लागली.

मुलीने चुंबक सोडवून माझ्या हातात दिला आणि कानाशी येऊन म्हणाली, "बाई, नाल हितंच ऱ्हाऊ द्या."