काटेनानाचा सूड

काटेनानाला काहीही विचारलं तरी तो लगेच उत्तर द्यायचा नाही. "नाना, चहा घेणार का?" एवढं विचारलं तरी आधी आपल्याकडे बघायचा, मग भिंतीकडे, आणि मग म्हणायचा, "अर्धा." माझ्यासारख्या तापट माणसाला हे सहन व्हायचं नाही. मी केळीचे सौदे करून वर आलेला माणूस. समोरचा गप्प बसला की तो भाव पाडतोय असंच मला वाटतं. एकदा चिडून मी म्हणालो, "नाना, उत्तर काय धुळ्याहून मागवता?" तेव्हाही थांबलाच. मग म्हणाला, "अर्धं आयुष्य दांडी थांबायच्या आत आकडा ओरडलो, भाऊ. आता तरी थांबू दे."

हा नाना मूळचा मापाडी. भडगावजवळ आमच्या भागातल्या सगळ्यात मोठ्या केळीच्या व्यापाऱ्याकडे, म्हणजे शेठकडे, तो माल मोजायचा. ते प्लॅटफॉर्मचे लोखंडी काटे आठवत असतील. घड फळीवर ठेवायचे, दांडीवरचं वजन सरकवायचं, आणि दांडी वरखाली होत मधोमध थांबली की आकडा खरा. शेठच्या आवारात ती थांबायचीच नाही. ती डुलत असतानाच नाना खणखणीत आवाजात कमी आकडा ओरडायचा, हमाल घड उचलायचे, आणि शेतकरी तोंड उघडेपर्यंत पुढच्याचा माल फळीवर. भरीला फळीखाली एक दगडाची चीप. ती कुठे आणि कधी सरकवायची, हे शेठ आणि नाना या दोघांनाच ठाऊक.

माझ्या वडिलांनी, आबांनी, एकदा भर आवारात म्हटलं, "दांडी थांबू द्या." बस, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यानंतर आबांचा माल आला की दांडी आणखीच घाईत बोलायची. खांद्यावर घेताना कंबर वाकवणारे घड फळीवर पडले की कापूस व्हायचे. शेठ हसून म्हणायचा, "आबा, घड दिसायला झोकदार, पण आतून पोकळ. तुमच्या जमिनीत दम राहिला नाही." हसणारे हसले. गावात नाव पडलं, पोकळआबा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी म्हणायचंच, "पोकळआबाले वाढा रे." गिरणा नदीच्या काठावर ज्याच्या केळीची खोडं बघायला लोक यायचे, त्या माणसानं एका उन्हाळ्यात स्वतःच्या हातानं सगळी बाग खणून काढली आणि ज्वारी पेरली. मी बांधावर उभा होतो. तेव्हाच ठरवलं की शेठला सोडायचं नाही.

पण माझ्या आधी शेठवर फिरला नाना. झालं असं की एका शेतकऱ्यानं फळी उचलून ती चीप सगळ्यांसमोर बाहेर काढली. शेठ क्षणभर गडबडला, आणि मग त्यानं नानाच्या कानाखाली वाजवली. "चोर! माझ्या आवारात चोरी करतोस?" नाना त्याच पावली बाहेर पडला. पुढे हे सांगताना त्याचा आवाज कधी चढला नाही. म्हणायचा, "चोर मी होतोच की. पण त्याचा होतो. त्यानं मला माझा चोर केलं, ते मी विसरणार नाही."

चाळिशी उलटलेला माणूस. केस पिकू लागलेले, घरी दोन मुलींची लग्नं व्हायची. त्यानं काय करावं? धुळ्याला जाऊन काटे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या पायाशी बसला. बायको म्हणाली, "या वयात कानस धराल?" नाना म्हणाला, "काटा बिघडवता येतो मला. अर्धी विद्या झालीये." तिकडं त्याच्या हाताला फोड आले, चष्मा लागला. काट्याच्या आत पोलादी धारा असतात, सगळा भार त्यांच्यावर तोललेला असतो. ती धार झिजली की काटा आळशी होतो. ती घासायला शिकताना नानानं किती पोलाद वाया घालवलं त्याला गणती नाही. म्हातारा शिव्या द्यायचा आणि हा ऐकून घ्यायचा. "शेठच्या एका थपडेपेक्षा याच्या शंभर शिव्या गोड," म्हणायचा.

परवाना घेऊन तो परत आला आणि बाजाराच्या तोंडाशी टपरी टाकली. आता मजा बघा. काट्यावर दरवर्षी सरकारी मोहर लागायची, आणि मोहरेआधी परवानावाल्या कारागिराचा हात लागायचा. आमच्या पट्ट्यात असा कारागीर एकच, काटेनाना. पहिल्या वर्षी शेठनं दुसऱ्या गावचा माणूस आणला. त्यानं काटा असा बिघडवला की पास होईना. मग शेठ स्वतः टपरीवर आला. मी तिथंच होतो, अर्धा चहा पीत.

"नाना, जुनं ते जाऊ दे," शेठ म्हणाला. "काटा तेवढा नीट कर. आपल्या पद्धतीनं."

नाना थांबला. इतका थांबला की मीच त्याच्या वतीनं शिवी देणार होतो.

"शेठ," तो म्हणाला, "असा नीट करतो की तुम्हालाच झोप येणार नाही."

आणि केला. फळी उपसली, धारा बदलल्या, खालची जागा अशी बंद केली की दगड सोडा, काडी जाणार नाही. चोराच्या सगळ्या वाटा चोरालाच ठाऊक होत्या. लोक म्हणतात सूड म्हणजे नुकसान करणं. मी नानाकडून वेगळं शिकलो. लबाडाला खरा काटा द्यावा, त्याच्याच आवारात, सरकारी मोहरेसकट.

पण माझं एवढ्यानं भागणार नव्हतं. मी त्याच्या मागे लागलो. "आबांना येऊन सांगा. दांडी तुमच्या हातात होती." मी समोर त्याला अहो-जाहो करायचो, मनात मात्र त्याचा गळा धरलेला असायचा. तो म्हणायचा, "तुझ्या ओट्यावर सांगून काय होईल? जिथं खोटं बोललो तिथंच खरं बोलेन. माल घेऊन ये."

माल आणायचा तर केळी लावायला हवी. आबा ऐकेनात. ती चीप सापडली होती तरी "जमिनमा दम नही," हेच तुणतुणं. आयुष्यात इतकी घासाघीस मी कोणाशी केली नाही. शेवटी बांधाकडच्या तुकड्यावर तोडगा निघाला. केळी निसवली, घड भरले, आणि कापणीच्या दिवशी मी मुद्दाम सगळा माल शेठच्या आवारात नेला. मी स्वतः व्यापारी असताना! लोक बघायला जमले. नाना आधीच काट्याशेजारी उभा.

घड चढले. दांडी डुलली, डुलली आणि थांबली. आकडा ऐकून हमालसुद्धा आबांकडे बघू लागले.

आबांनी नानाला विचारलं, "हाऊ काटा खरा शे का?"

"खरा शे, आबा."

"मग तधळ?" म्हणजे, मग तेव्हा?

शेठ पुढे झाला, "अहो आबा, जमीन सुधारली असेल..." नानानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा त्याच मापाड्याच्या आवाजात तो ओरडला, "आबा, तुमनी केळी हलकी नही व्हती! काटा खोटा व्हता. शेठनं सांगं, आनि दांडी मना हातमा व्हती."

आबांनी एवढंच विचारलं, "इतला वरीस का बरं बोलना नही?"

"पोट आठेच व्हतं, आबा," नाना आवाराकडे हात करत म्हणाला.

आबा बैलगाडीत जाऊन बसले. त्या दिवसानंतर पोकळआबा हे नाव माझ्या कानावर आलं नाही. शेठकडचे निम्मे शेतकरी पुढच्या हंगामात माझ्याकडे आले, आणि मी त्यांचं स्वागत करताना शेठच्या आवाराचं फाटक दिसेल अशीच खुर्ची मांडली.

नानाला मी माफ केलं का? नाही. त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला माझ्या काट्याला हात लावू दिला नाही, ही गोष्ट वेगळी. तो माणूस मला आवडायचा आणि त्याचा रागही यायचा, आणि दोन्हींपैकी एकही कमी करायला मी तयार नव्हतो. त्यालाही ते माहीत होतं. "तुझा राग ठेव भाऊ, तो माझ्या कामाचा आहे," असं एकदा म्हणाला होता.

बाजारात बटणाचे काटे येऊ लागले त्या सुमारास नाना छातीच्या दुखण्यानं गेला. गिरणेच्या काठावर अग्नी दिल्यावर आमच्याकडच्या रीतीप्रमाणे चार माणसं श्रद्धांजलीचं बोलायला उभी राहिली. सरपंच बोलले, कोणी शिक्षक बोलले. मग शेठ उठला. पांढरे कपडे, हातात रुमाल. "नाना आमच्याकडे कितीतरी वर्षं होता," त्यानं सुरुवात केली. "घरच्यासारखा. त्याच्यासारखा प्रामाणिक माणूस..."

"शेठ, खाले बठा."

आबा बसल्या जागेवरून बोलले होते. आवाज मोठा नव्हता. शेठनं इकडं तिकडं पाहिलं. कोणीतरी आपली बाजू घेईल असं त्याला वाटलं असावं. इतकी माणसं होती, एकानंही मान वर केली नाही. शेठ बसला. ओल्या वाळूत, पांढऱ्या धोतरानिशी.

मग आबा काठी टेकत उठले. आयुष्यात ते कधी चार माणसांत बोलले नव्हते. "यानं मना गळा कापा," ते चितेकडं बघत म्हणाले, "आनि यानंच बठ्ठास्ना समोर कबूल करं. दुसरा अजून बाकी शे."