मधली खुर्ची

रविवार, नऊ फेब्रुवारी, सकाळी सव्वाआठ. मुलगा आणि सून पुढच्या आठवड्यात कायमचे जर्मनीला जाणार, म्हणून घरीच फोटो काढून घ्यायचे ठरले होते. छायाचित्रकाराने ‘अगदी सहज राहा’ असे बजावल्यामुळे सून सुधा तिसऱ्यांदा साडी बदलून आली आणि दारातच थबकली.

“आबा, आपण तिघंच आहोत. तिघांचा फोटो काढत नाहीत. मधल्या माणसाचं काही खरं नसतं म्हणे.”

“मग मध्ये शेजारच्या काकांना बसवू,” मुलगा म्हणाला. “परवाच माझ्याशी भांडलेत.”

सुधा हसली नाही. “आई असत्या तर तुझा कान धरला असता.”

धरला असता. मुलाच्या लग्नाआधी आम्ही घरात तिघेच होतो. तेव्हा फोटोसाठी पत्नी शेजारपाजारचे चौथे माणूस ओढून आणी. सून आल्यावर तिची ती काळजी मिटली. चौघांत मधला कोणी नसतो. तरी गेल्या श्रावणात ती गेली.

माणूस भीतीला नियम लावून देतो, कारण नियम पाळता येतो. या विचाराने वाईट वाटायला हवे होते, वाटले नाही. अंगणात ऊन आले होते, ते मी पाहत राहिलो.

“मध्ये मी बसेन,” मी म्हणालो.

“आबा, नको ना.”

“तुम्हा दोघांना अजून लांबचा प्रवास आहे.”

मग मी पडवीत तीन खुर्च्या मांडल्या आणि मधली पुसून घेतली.