आमच्या स्लॅबचा टेकू

आमच्या घराचा स्लॅब कधीच खचला नव्हता. तो खचलाय असं मी म्हणाले, एवढंच. सगळे जेवायला बसले होते, मी भाकरी वाढत होते, आणि वाढता वाढता म्हणाले की माडीवर माझं शिलाई मशीन आहे त्या खोलीत वरून जरासा बाक आल्यासारखा वाटतोय, एक लोखंडी खांब देऊन ठेवूया. सासूबाईंनी लगेच वर बघून हात जोडले. सासरे मात्र तुकडा हातात धरून तसेच बसले. मी त्यांना मामा म्हणते. ते सैन्यातून सुभेदार होऊन आले आणि आलेल्या पैशातून हे घर बांधलं. स्लॅब ओतल्यावर एकवीस दिवस त्याच्यावर मातीची आळी करून स्वतः पाणी धरलं होतं. अशा माणसासमोर मी ते वाक्य टाकलं आणि त्याला आमटी वाढून पुढं गेले.

खरी गोष्ट अशी की मला पोल डान्स शिकायचा होता.

हे गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णेच्या काठचं. चहूकडं ऊस. माझं माहेर माणमधलं. तिथं शेळ्यांना पाला काढायला मी बाभळीवर, लिंबावर चढायचे आणि वरून हाका मारल्याशिवाय खाली यायचे नाही. सासरी आले आणि बारा वर्षं मशीनवर वाकून ब्लाऊज शिवले. पाठ धरली, मान धरली, आणि चढायला काहीच उरलं नाही, कारण उसावर चढता येत नाही. मग एकदा एका गिऱ्हाइकाला गळ्याची डिझाइन दाखवायची म्हणून फोनमध्ये शोधत होते, तर माझ्याच वयाची एक बाई खांबाला नुसती मांडीनं धरून उलटी लटकलेली दिसली. दोन्ही हात मोकळे, तोंडावर हसू. गिऱ्हाईक गेल्यावर तो व्हिडिओ मी नऊ वेळा पाहिला.

नवऱ्याला सांगितलं. ते तेव्हा सरहद्दीवर होते. त्यांनी विचारलं, डान्स कुणापुढं करणार? मी म्हणाले, मशीनपुढं. त्यावर ते म्हणाले की बोल्ट चांगले लाव, आणि मामांना तू काही बोलू नको, मी सुट्टीवर आलो की सांगतो. त्यानंतर ते दोनदा सुट्टीवर आले, दोन्ही वेळा कोंबडा खाल्ला, आणि न सांगता परत गेले. सैन्यातला माणूस, पण वडिलांपुढं त्याची छाती तेवढी नाही.

शिकवणी फोनवरच. पाच-पन्नास बायकांचा ग्रुप. नागपूरची एक नर्स, गोव्यात केक करणारी एक, परदेशात कुठंतरी राहणारी साठी उलटलेली एक गुजराती बाई. सगळ्या आपापल्या घरात खांब ठोकून बसलेल्या. बोलणं मोडक्या हिंदीत. तिथं कुणी कुणाला हसत नसे. पहिल्या महिन्यात मी जमिनीपासून वीतभर वर गेले तरी सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. बाराव्या वर्षी बाराशेवा ब्लाऊज शिवला तेव्हा मला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, म्हणून मी त्या टाळ्या जपून ठेवल्या. खांब घासून अंगावर निळे डाग पडत. त्या डागांना त्या बायका मुके म्हणत आणि रोज सकाळी एकमेकींना फोटो पाठवत. नर्स मात्र कडक. ग्रिलवाल्यानं जिन्याच्या कठड्याचा पातळ पाइप आणून लावला, त्याचा फोटो पाठवला तर तिनं तो काढायलाच लावला. जाड पाइप आला, वर-खाली पत्र्याच्या थाळ्या आणि चार-चार बोल्ट, आणि खाली कापसाची जुनी गादी अंथरल्याशिवाय तिनं मला खांबाला हात लावू दिला नाही.

आता एक अडचण. या खांबाला उघडं अंग धरतं, कापड घसरतं. साडीत चढायला गेले तर मी आणि साडी वेगवेगळ्या वाटेनं खाली आलो. तेव्हा तोकडी चड्डी लागते. ती मी गिऱ्हाइकांच्या उरलेल्या अस्तराची शिवली, एक पाय राणी रंगाचा आणि दुसरा पोपटी. ती दोरीवर वाळत होती तेव्हा सासूबाईंनी विचारलं की ही कुणाच्या लेकराची. मी म्हणाले, लेकराचीच आहे, पण लेकरू जरा अंगानं आहे.

दुपारी तीनला त्या टीव्हीसमोर बसल्या की मी वर जाऊन कडी लावायची. मग धप्प असा आवाज व्हायचा. काय पडलं गं, असं खालून आलं की मी म्हणायचे, कात्री. महिनाभर रोज कात्री पडली. शेवटी सासूबाई एक दिवस वर आल्या आणि माझी कात्री त्यांनी सुतळीनं मशीनला बांधून दिली. दसऱ्याला मशीनची पूजा झाली तेव्हा त्यांनी खांबालाही हळदीकुंकू वाहिलं, कारण बिचारा घर पेलतोय. दुसऱ्या दिवशी मी मांडीपर्यंत लालभडक होऊन खाली उतरले.

इथवर मला फार मजा वाटत होती. तो स्लॅब ज्यानं घातला त्या माणसाचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

तो स्लॅब चाचांनी घातलेला. चाचा म्हणजे गावातले जुने गवंडी आणि मामांचे तालमीतले जोडीदार. पोरसवदा असताना दोघं एकाच लाल मातीत लोळले, एकाच मल्लखांबावर चढले. मामा निवृत्त होऊन आल्यापासून रोज संध्याकाळी दोघं तालमीच्या कट्ट्यावर बसत आणि एका कपातला चहा बशीत ओतून वाटून पीत. माझ्या वाक्यानंतर आठ दिवसांनी त्या कट्ट्यावर मामांनी विचारलं होतं की स्लॅबला सळ्या किती टाकल्या होत्यास. चाचा म्हणाले, तू मोजल्यास तेवढ्या. त्यावर मामांच्या तोंडून गेलं, "मग बाक कसा आला? खाल्ल्यास व्हय सळ्या?"

चाचा उठून गेले. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

मला हे कळलं ते ईदनंतर. शीरखुर्म्याचा डबा दरवर्षीसारखा आला, पण तो घेऊन चाचा आले नाहीत, त्यांची सून आली. मामांनी वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. मी सासूबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. मग माझ्या ध्यानात आलं की मामा हल्ली संध्याकाळचा चहा घरीच घेतात, तोही अंगणात उभं राहून, वर स्लॅबकडं बघत. कसल्याशा विटेच्या तुकड्याला दोरी बांधून त्यांनी ओळंबा केला होता. रोज तो सोडून बघत होते आणि घर रोज सरळच भरत होतं.

मला लाज वाटली. आधी कधी वाटली नव्हती, चड्डीची नाही, उलटं लटकण्याची नाही, पण ही वाटली. खरं सांगितलं तर खांब जाणार हे मला दिसत होतं. आणि खांब गेला तर माझ्याकडं परत नुसतं मशीन उरणार होतं. त्यातून पुढच्या रविवारी ग्रुपचं संमेलन होतं. प्रत्येकीनं फोनसमोर एकेक करामत दाखवायची होती, आणि हात सोडून उलटं लटकणं मला नुकतंच जमायला लागलं होतं. मी ग्रुपवर सगळं लिहिलं. बऱ्याच जणी म्हणाल्या, सांगू नकोस, नवरा सुट्टीवर येईल तेव्हा सांगेल. नर्सनं एवढंच विचारलं की गवंड्याचं वय काय. मी म्हणाले, बहात्तर. ती म्हणाली, मग सुट्टीची वाट बघू नकोस.

शनिवारी संध्याकाळी मामा चहा घेत अंगणात उभे होते. मी जवळ जाऊन म्हणाले, "मामा, स्लॅबला काय बी झाल्यालं न्हाई. खांब मला चढायला पायजे हुता."

मग मी सगळं सांगितलं. नाच हा शब्द मी गिळला आणि मल्लखांबासारखंच असतं, फक्त गाणं लावून, असं म्हणाले. लबाडी एकदम सुटत नाही. मामांनी कप पायरीवर ठेवला.

"चप्पल घाल," ते म्हणाले.

गावातून ते पुढं आणि मी मागं. चाचांच्या दारात जाऊन ते थांबले आणि मला म्हणाले, सांग ह्याला. मी तिथं परत सगळं सांगितलं, चाचांच्या सुनेसमोर, शेजारणीसमोर. चाचांनी ऐकून घेतलं. मला वाटलं ते मला बोलतील किंवा मामांना बोलतील. पण ते एकदम तापले ते भलत्याच गोष्टीवर. त्यांच्या स्लॅबला त्यांना न विचारता कुठल्या ग्रिलवाल्यानं भोकं पाडली, किती खोल पाडली, हे त्यांना कळायला पाहिजे होतं. मामा बाजूला बघत म्हणाले, "सळ्या मीच मोजल्या हुत्या."

"मोजल्या हुत्यास," चाचा म्हणाले, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

मामांनी उभ्या जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती. ती अशी मागून झाली आणि दोघं कप-बशी घेऊन बसले. माझ्या खांबाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. उठताना चाचा एवढंच म्हणाले की सकाळी पाना घेऊन येतो.

पाना म्हटल्यावर मी समजायचं ते समजले. रविवारी सकाळी मी भाकऱ्या थापत होते तेव्हा दोघं माडीवर गेले. वरून ठोकल्याचे आवाज आले, मग बराच वेळ काहीच आवाज नाही. सासूबाईंना तोपर्यंत सगळं कळलं होतं. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, म्हंजे कात्री कवा पडलीच न्हाई. मी मान हलवली. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण मला ते बघवेना, कारण वर माझा खांब निघत होता.

दोघं खाली आले, हात धुतले, चहा घेतला आणि तालमीकडं निघून गेले. त्यांच्या हातात पाना होता, पण पाइप नव्हता. अकरा वाजता संमेलन. मी जिना चढून गेले आणि दार ढकललं. खांब जागेवर होता. आठही बोल्ट नव्यानं आवळले होते. थाळीभोवती जिथं गिलावा उडाला होता तिथं ओलं सिमेंट भरलं होतं. खालची गादीसुद्धा कुणीतरी झटकून सरळ घातली होती.

मी कडी लावली, चड्डी घातली, फोन मशीनला टेकवला. नखाएवढ्या चौकोनांत सगळ्या जणी दिसायला लागल्या. रोज मी आधी कोरड्या फडक्यानं खांब पुसते. त्या दिवशी आनंदात विसरले. माझी पाळी आली, नर्सनं बोटानं खूण केली, मी दोन पावलं धावत गेले, हातभर वर खांब धरला आणि उडी मारली.

पुढचं मला नीट सांगता यायचं नाही. मी वर होते आणि मी खाली होते, मधलं काही घडलंच नाही. गादीवर फतकल मारून बसले होते आणि फोनमध्ये पाच-पन्नास तोंडं उघडी होती. हात चिकट, मांड्या चिकट. मी तळहाताचा वास घेतला. एरंडेल.

तालमीतला मल्लखांब लाकडाचा. अंग सोलून निघू नये म्हणून त्याला चढणाऱ्यांनी एरंडेल चोळायचं असतं. माझा खांब लोखंडी आणि त्याला नेमकं उलटं, थेंबभर तेल नको. पण त्या दोन म्हाताऱ्यांना ते कोण सांगणार? माणूस चढणार असेल तर खांब कोरडा ठेवू नये, एवढं त्यांना पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी शिकवलं होतं, आणि ते त्यांनी हात राखून केलं नव्हतं. खालपासून हात पोचेल तिथवर, आणि पोचत नव्हता तिथं माझ्याच स्टुलावर उभं राहून.

मी ते मोडक्या हिंदीत ग्रुपला सांगितलं. गोव्याची बाई खुर्चीवरून घसरली. नर्स हसत हसत फोनच्या बाहेर निघून गेली. मीही हसायला लागले आणि हसता हसता रडले, चांगली हुंदके देऊन, कारण खांब काढायला आलेली माणसं त्याला तेल लावून गेली होती.

तेवढ्यात दाराबाहेर खाकरल्याचा आवाज आला. फटीतून बघितलं तर मामा आणि चाचा तालमीकडून परत येऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर दाराकडं पाठ करून बसले होते. दोघांच्यामध्ये कप आणि बशी.

"पोरी," मामांनी पाठमोऱ्यानंच विचारलं, "तेल कमी पडलं का गं?"

आदल्याच दिवशी मी ठरवलं होतं की या घरात परत खोटं बोलायचं नाही.

"न्हाई मामा," मी म्हणाले, "झ्याक झालंय."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते दोघं बाटली घेऊन माडीवर येतात आणि खांब चोळून देतात. ते कट्ट्यावर गेले की सासूबाई आणि मी तासभर स्पिरिटनं तो पुसत बसतो.