बागेतल्या डोंगराच्या पोटात

यांगचौच्या बाओ नावाच्या मीठव्यापाऱ्यांकडे शुएझेन स्वयंपाकाला होती. जपानी सैनिक शहरात शिरले, तेव्हा घरचे सगळे पळाले. मागे राहिल्या त्या बहिऱ्या थोरल्या बाईसाहेब. शुएझेनने त्यांना पाठीवर घेतलं आणि बागेत दगड रचून केलेल्या डोंगराच्या गुहेत ती शिरली. उन्हाळ्यात गारव्याला बसायला बाईसाहेबांच्या सासऱ्यांनी ती बांधून घेतली होती.

दगडांच्या भोकांतून तळ्यावरच्या नागमोडी पुलावर बूट दिसले.

“पाहुणे कोण गं?” बाईसाहेबांनी मोठ्यांदा विचारलं. “चहा ठेवलास का?”

शुएझेनने त्यांचं तोंड गच्च दाबलं. बूट थांबले. मग कुणीतरी तळ्यातल्या माशांवर गोळी झाडली, बाकीचे हसले आणि निघून गेले.

“मालकिणीच्या तोंडावर हात टाकतेस?” तोंडावरचा हात धरून बाजूला करत बाईसाहेब कुजबुजल्या, पण तो हात त्यांनी सोडला नाही.

घरचे परतलेच नाहीत. दोघी पुढे स्वयंपाकघरातच राहिल्या, दाराला आतून कडी लावून.